टेक्ससमधला चाबुकस्वार व्हायचंय? आधी फावडं धरा

घोडा शिकवणाऱ्याला मराठीत जुना शब्द आहे, चाबुकस्वार. आता कोणी वापरत नाही, पण डॅलसच्या उत्तरेला पायलट पॉइंट, ऑब्री, व्हाइट्सबोरो या पट्ट्यात गाडी घेऊन फिरलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चाबुकस्वारांचेच तबेले दिसतील. मी गेली काही वर्षं तिकडे एका तबेल्यात वीकएंडला पडीक असतो, आठवडाभर कोडिंग आणि शनिवारी लीद, त्यामुळे ओळखीतले आईबाप विचारतात की पोरगी हॉर्स ट्रेनर व्हायचं म्हणतेय, काय करावं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

इथले ट्रेनर घोडे स्पर्धांसाठी घडवतात, त्यामुळे आधी खेळ कुठला ते बघा. रेनिंगमध्ये ठरलेला पॅटर्न असतो: मोठी-छोटी सर्कल्स, जागच्या जागी गरगर स्पिन, भरधाव येऊन मागच्या पायांवर घसरत थांबणं. सगळे ७० मार्कांनी सुरू करतात, प्रत्येक मनुव्हरला, म्हणजे पॅटर्नमधल्या एकेका हालचालीला, जज उणे दीड ते अधिक दीड देतो, आणि स्पिनमध्ये पाव फेरीपेक्षा जास्त पुढे-मागे झालात तर सरळ शून्य, घरी जा. कटिंगमध्ये अडीच मिनिटं मिळतात, कळपातून एक गाय वेगळी काढायची आणि मग हात खाली, लगाम सैल, तिला परत कळपात घुसू न देणं हे घोड्याचं एकट्याचं काम. लगाम ओढलेला दिसला की मार्क कापले जातात, गाय निसटली की ५ गेले. दोन्ही आवडत असेल तर रेन्ड काउ हॉर्स नावाचा तिसरा प्रकार आहे, पण त्यात भिंतीच्या कडेनं गायीमागे सुसाट पळवायचं असतं, ते जरा छातीवाल्यांचं काम.

रेनिंगची एनआरएचए ही संघटना १९६६ सालची, ऑफिस ओक्लाहोमा सिटीत. कटिंगची एनसीएचए १९४६ ची, फोर्ट वर्थला. दोघांचीही मोठी स्पर्धा म्हणजे फ्युचुरिटी, तीन वर्षांच्या घोड्यांची, वर्षाच्या शेवटी. कटिंगची पहिली १९६२ ला झाली, ती बस्टर वेल्चनी जिंकली आणि पुढे अजून चार वेळा जिंकली. या फ्युचुरिटीसाठी शिंगराला दुसऱ्या वर्षीच खोगीर चढवावं लागतं. इतक्या लवकर चढवावं का यावर इथे कायम वाद चालतो, मला विचाराल तर थोडं थांबलं तर बरं, पण मोठे पैसे तीन वर्षांच्या घोड्यावर लागलेत तोवर कोण थांबणार.

आता सुरुवात कशी करायची. कॉलेज हवंच असेल तर कोलोरॅडो स्टेटला इक्वाइन सायन्सची डिग्री आहे, ओक्लाहोमा स्टेट आणि टेक्सस ए अँड एमला मुलींची इक्वेस्ट्रियन टीम आहे आणि त्यात रेनिंगपण असतं. पण डिग्री बघून कोणी घोडा हातात देत नाही. खरा रस्ता म्हणजे एखाद्या चांगल्या ट्रेनरकडे असिस्टंट म्हणून राहणं. सकाळी पाचला दाणा-गवत, मग स्टॉल साफ, मग खोगीर कसून ठेवणं, मग लोपिंग, म्हणजे ट्रेनर बसायच्या आधी घोडा दुडकी-कॅंटर करून मऊ करून देणं. पहिलं वर्ष जवळजवळ एवढंच. ट्रेनर दिवसाला दहा-पंधरा घोडे चढतो, तुम्ही त्याच्याआधी चढता, आणि दोघांच्या मधल्या पाच मिनिटांत घोडा तुमच्याकडून त्याच्याकडे जाताना काय बदललं ते बघत राहायचं, शिकणं तिथेच होतं, तोंडानं कोणी फार सांगत नाही.

आणि शिकायचं मुख्य म्हणजे सोडायचं कधी. पाय लावला, लगाम धरला, याने घोडा शिकत नाही, त्याने जराशी बरोबर हालचाल केली की त्याच क्षणी दाब काढला, त्याने शिकतो. अर्धा सेकंद उशीर झाला की चुकीची गोष्ट शिकवून झाली. मी कित्येक महिने हात उशिरा सोडत होतो आणि घोडी अडेल आहे म्हणत होतो. ट्रेनर वर बसला, दहा मिनिटांत घोडी लोणी. स्लायडिंग स्टॉप, म्हणजे ते घसरत थांबणं, तेसुद्धा रोज फुल स्पीडला मारायचा नसतो, मागचे सांधे जातात. आधी हळू चालीत वो म्हटल्यावर थांबणं पक्कं, मग सरळ पळणं पक्कं, मग वेग. मागच्या पायांना रुंद, गुळगुळीत नाल असतात म्हणून घसरता येतं, आणि जमीन खराब असेल तर चांगला ट्रेनर एंट्री फी सोडतो पण घोडा पळवत नाही. असा ट्रेनर शोधा.

पैशाचं सांगतो. शिवकाळात बारगीर असायचा ना, घोडा सरकारचा, बसणारा हा, आणि शिलेदाराचा घोडा स्वतःचा. ट्रेनर हा बारगीर. मालक महिन्याची फी देतो, त्यातलं बरंचसं गवत, दाणा, लाकडाचा भुसा आणि मदतनिसांच्या पगारात जातं. नालबंद आणि डॉक्टरचं बिल मालकाला वेगळं. कमाई होते ती बक्षिसातल्या वाट्यातून आणि घोडा विकला तर कमिशनमधून. इथेच लोक घसरतात. एका तबेल्यात विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून, दोघांनाही न सांगता कमिशन घेतलेलं मी बघितलंय, आणि त्यात नाव एकदा गेलं की गेलं. सगळं कागदावर ठेवा. आणि दोन वर्षं घडवलेला घोडा मालक एक दिवस ट्रेलरमध्ये घालून दुसऱ्याकडे नेईल, हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. मालक सांभाळणं हे घोडा सांभाळण्याइतकंच काम आहे, कधीकधी घोडा सोपा.

दोन गोष्टी आधीच लक्षात घ्या. नॉन प्रो, म्हणजे हौशी, म्हणून स्पर्धा खेळायची असेल तर घोडा शिकवायचे किंवा चढायचे पैसे घेऊ नका, एकदा घेतले की तुम्ही प्रोफेशनल. आणि व्हिसावर असाल तर फुकट काम करतो म्हणूनसुद्धा तबेल्यात शिरू नका, आधी वकिलाला विचारा.

स्वतःचा तबेला टाकाल तेव्हा टेक्ससमध्ये कायद्यानं सांगितलेली इशाऱ्याची पाटी लावावी लागते, इतरांच्या घोड्यांसाठी केअर, कस्टडी अँड कंट्रोलचा विमा घ्या (तुमच्या ताब्यात असताना त्यांना काही झालं तर), आणि स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स तर आधी. चाळिशीतल्या ट्रेनरला जिना उतरताना बघा, कळेल.

नोकरी विचारायला फोन करणार असाल तर सकाळी करू नका, ते घोड्यावर असतात. दुपारी जेवणाच्या वेळी करा, आणि लहानपणी माथेरानला घोड्यावर बसलो होतो हे सांगू नका, मी सांगितलं होतं.