बारावीला इंग्रजी कादंबरी शिकवताय? या चुका टाळा

बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आर्थर कॉनन डॉयलची ‘द साइन ऑफ फोर’ आली तेव्हा वाटलं होतं, गुप्तहेर शेरलॉक होम्स आहे म्हटल्यावर पोरं आपणहून वाचतील. पण आपण शिक्षक मंडळी कमी नाही.

पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे आधी ‘प्लॉट’ सांगून टाकणं. पेठेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात एका नव्या सरांचा तास मागच्या बाकावर बसून पाहिला. लेखकाचा जन्म १८५९, कादंबरी १८९० ची. मग फळ्यावर गोष्टीचा सारांश: खजिना कुठला, खून कुणी केला, दागिने शेवटी थेम्समध्ये कसे गेले, सगळं. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीने विचारलं, “सर, सगळं कळलंच की. आता वाचायचं कशाला?” सर म्हणाले, “पेपरात येतं म्हणून.” पोर्शन लवकर संपवायची घाई, दुसरं काय! त्या संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात दोन-चार गाईडं नक्की खपली असतील.

मी दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करते. होम्सकडे मदत मागायला आलेल्या मेरी मॉर्स्टनचे वडील ३ डिसेंबर १८७८ ला लंडनच्या हॉटेलातून बाहेर पडतात ते परत येतच नाहीत. १८८२ मध्ये तिचा पत्ता विचारणारी जाहिरात पेपरात येते. ती पत्ता छापते आणि पोस्टाने एक मोती येतो. मग दरवर्षी एक, सोबत चिठ्ठी नाही की नाव नाही. सहा मोती झाल्यावर पत्र येतं: आज सात वाजता लायसियम थिएटरबाहेर, डावीकडून तिसऱ्या खांबापाशी ये. इथे मी पुस्तक मिटते. कोण पाठवत असेल, लिहून आणा. मराठीत लिहिलंत तरी चालेल.

ओळीओळीचं भाषांतर करत बसू नका, वर्ग झोपतो. हजेरीच्या क्रमाने मोठ्याने वाचायला लावू नका. ज्याचा नंबर गेला त्याचं लक्षही गेलं. सिनेमा आधी दाखवू नका. पहिल्या प्रकरणातली होम्सची कोकेनची सुई गाळू नका, मुलं सतरा वर्षांची आहेत.

आणि शेवटच्या प्रकरणावरून उडी मारू नका. १८५७, आग्र्याचा किल्ला, अंदमान हे आपल्या मुलांना लंडनच्या धुक्यापेक्षा जवळचं. टोंगा या अंदमानी पात्राचं वर्णन किती हिणकस आहे, तेही त्यांनाच सांगू द्या.

वर्ग रंगला की मी एक काम देते. मेरीच्या पत्रावर शिक्का ७ जुलैचा, आणि त्याच दिवशीची संध्याकाळ पुढच्या प्रकरणात सप्टेंबरची. हे आपण सांगायचं नाही. लेखकाची एक चूक आहे, शोधा, एवढंच म्हणायचं. त्यासाठी मूळ प्रकरणं लागतात, आणि ती इंटरनेटवर फुकट मिळतात.