‘हे लोक’ म्हणजे नेमके कोण?

आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला लागल्यावर माझा पहिलाच निबंध ‘जागतिक अभिजन’, म्हणजे जगातली बडी, वजनदार मंडळी, या विषयावर होता. दावोस, बिल्डरबर्ग, ट्रायलॅटरल कमिशन अशी बडे राजकारणी नि उद्योगपती जिथे भेटतात त्या मंचांची नावं ओळीनं मांडली आणि ‘जग हेच लोक चालवतात’ असं ठोकून दिलं. बाईंनी समासात लिहिलं: ‘हे लोक म्हणजे कोण? आणि चालवतात म्हणजे करतात काय?’ ते दोन प्रश्न मला पुढे दोन वर्षं पुरले.

नव्यानं येणाऱ्यांना माझा सल्ला उलटा वाटेल: सुरुवात वास्तववादापासून (आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे देशांमधली सत्तेची चढाओढ, असं मानणारा सिद्धांत) करा, कारण तिथे अभिजन सापडतच नाहीत. वास्तववादी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांच्या १९७९च्या मांडणीत राज्य, म्हणजे अख्खा देश, हाच कर्ता. आत गादीवर कोण बसलंय हे गौण. मला हे भाबडं वाटायचं. मग नोव्हेंबर २०२०मध्ये चिनी नियामकांनी अब्जाधीश जॅक मा यांच्या अँट ग्रुप या वित्तसेवा कंपनीची शेअरबाजारातली नोंदणी दोन दिवसांवर आली असताना रोखली. २०२२मध्ये युरोपीय देशांनी रशियन अब्जाधीशांच्या आलिशान नौका गोठवल्या. राज्यानं मनावर घेतलं की अब्जाधीशाचंही काही चालत नाही, हे तेव्हा पटलं.

उदारमतवाद्यांनी (देशांमधल्या सहकार्यावर भर देणाऱ्यांनी) संस्था-कंपन्यांची सीमेपलीकडची जाळी दाखवली, पण त्या जाळ्यांत कोणाचं वजन जास्त, यावर ते मला जरा गुळमुळीत वाटतात.

माझा खरा मुक्काम इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शीपाशी झाला. मुसोलिनीच्या तुरुंगात त्यानं लिहिलेली धुरीणत्वाची कल्पना अभ्यासक रॉबर्ट कॉक्स यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या विषयात आणली. कल्पना अशी: वरचा वर्ग नुसता दाबत नाही. आपल्या सोयीचं ते सगळ्यांना साधं शहाणपण वाटेल असं करतो. ‘बाजाराचा विश्वास टिकला पाहिजे’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो, बघा. या चष्म्यातून १९७३ साली स्थापन झालेलं ट्रायलॅटरल कमिशन गुप्त कट उरत नाही. मतं जुळवायची जागा ठरतं. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर त्याचे सदस्य होते, हे कळल्यावर मी हरखलो होतो. पण १९८०च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना हरवणाऱ्या रेगन-बुश जोडीतले थोरले बुश हेही माजी सदस्यच! नुसत्या सदस्ययादीवरून कोण काय करेल हे सांगता येत नाही, एवढं त्यातून शिकलो. (कल्पना आणि समजुतींनी राजकारण घडतं असं मानणाऱ्या रचनावाद्यांकडे थोडं तरी फिरकाच. पीटर हास यांच्या ‘ज्ञानसमुदाय’ (धोरणांवर प्रभाव टाकणारे तज्ज्ञांचे गट) या कल्पनेमुळे कळतं की वजन फक्त पैसेवाल्यांचं नसतं, शास्त्रज्ञांचंही असतं.)

सिद्धांत पाठ करत बसू नका. एखादा निर्णय घ्या आणि प्रत्येक सिद्धांताला त्यावर बोलू द्या. मी २००३चं इराक युद्ध घेतलं. अमेरिका आणि ब्रिटन एकीकडे, फ्रान्स आणि जर्मनी विरोधात. बडी मंडळी दोन्हीकडे. माझे ‘हे लोक’ तिथेच फुटले. सुधारलेल्या निबंधात तो शब्द एकदाच आला, तोही अवतरणचिन्हांत.