जळत्या मंचावरून मी घेतलेली उडी

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीफन एलोप यांचे कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्र बाहेर फुटले, तेव्हा मी पुण्यात क्यूटी, म्हणजे नोकियाच्या फोनसाठी अ‍ॅप बनवण्याचे सॉफ्टवेअर साधन, शिकत होतो. आपण समुद्रातल्या पेटलेल्या तेलमंचावर उभे आहोत आणि आयफोन २००७ मध्ये येऊनही त्याच्या तोडीचे आपल्याकडे अजून काही नाही, ही कबुली वाचून मी भारावून गेलो. ११ फेब्रुवारीला नोकियाने मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली स्वीकारत असल्याचे जाहीर केले आणि मी क्यूटीच्या वह्या माळ्यावर टाकल्या.

माझी फसगत नेमकी येथे झाली. निदान अचूक आहे, म्हणजे औषधही लागू पडणार, असे मी धरून चाललो. आधीच्यांच्या चुका कबूल करताना नव्याने आलेल्या साहेबांच्या पदरचे काहीच जात नाही. उपाय सुचवताना मात्र त्यांचा पूर्वेतिहास बोलतो. एलोप सप्टेंबर २०१० पर्यंत मायक्रोसॉफ्टमध्येच होते. त्यांनी कंपनी बदलली होती, मत नव्हे, आणि मी मात्र ‘किती धाडसाने मत बदलले’ म्हणून मित्रांना ते पत्र वाचून दाखवत होतो.

पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाचा फोन व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचे ठरले आणि एलोप यांना मिळणाऱ्या सुमारे १ कोटी ८८ लाख युरोंपैकी ७० टक्के भार मायक्रोसॉफ्ट उचलणार असल्याचे उघड झाले. यावरून एलोप मायक्रोसॉफ्टला फितूर होते असे सिद्ध होत नाही; तो आरोप त्यांनी २०११ मध्येच नाकारला होता. माणसाचा हेतू आपल्याला कळत नाही, तारखा मात्र कळतात, म्हणून विधान कधी केले, नोकरी कधी बदलली आणि ते खोटे ठरल्यास नुकसान कोणाचे, एवढे तरी कागदावर मांडावे. मुलाखतीचा दहा मिनिटांचा सारांश पाहून ‘साहेब म्हणाले म्हणजे झालेच’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शकांबद्दल मला आता फारसा आदर उरलेला नाही.

तरीही प्रत्येक मतांतराला संधिसाधूपणा समजू नका. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीला कर्करोग म्हटले होते. २०१४ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला लिनक्सवरील प्रेम जाहीर करत होते. अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेवर लिनक्स चालवणारे ग्राहक हवे होते, म्हणजे स्वार्थ होताच. पण २०१६ मध्ये कंपनी लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली आणि २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्रामरांच्या कोड साठवण्याच्या संकेतस्थळासाठी ७५० कोटी डॉलर मोजायला तयार झाली. बोलण्यामागे सहज मागे न घेता येणारी कृती उभी राहिली की मी विश्वास ठेवायला लागतो, त्याआधी नाही.

जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने फोन व्यवसायापोटी सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत दाखवले, त्याच आठवड्यात मी माळ्यावर चढलो. नोकियाने २०१२ मध्येच विकून टाकलेली क्यूटी तोवर मोटारींच्या पडद्यांवर पोहोचली होती. वह्यांना कसर लागली होती, पण क्यूटीतले सिग्नल आणि स्लॉट, म्हणजे प्रोग्रामचे भाग एकमेकांना जोडण्याची पद्धत, समजावून घेताना काढलेल्या आकृत्यांची पाने शाबूत होती. त्याच रात्री मी तिथून पुन्हा सुरुवात केली.