कंट्रोलरचा लाल दिवा लुकलुकतोय? पार्ट मागवण्याआधी मीटर लावा

इचलकरंजीत आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. मुख्य धंदा यंत्रमागाच्या मोटरींचा, पण हल्ली पेट्रोलच्या जुन्या गाडीचं इंजिन काढून हब मोटर (चाकातच बसणारी विजेची मोटर) बसवलेले लोकही येतात. येताना बहुतेकांच्या हातात नवा थ्रॉटल (वेग देणारी मूठ) नाहीतर नवा कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा) असतोच. कंट्रोलर लुकलुकत्या दिव्याने किंवा डिस्प्लेवर बिघाडाचा कोड दाखवतो. त्या कोडच्या तक्त्यात जे नाव दिसलं, ते मागवून मोकळे. कोड फक्त एवढंच सांगतो, की कंट्रोलरला अमुक वायरीवर काहीतरी वावगं दिसलं. बिघाड त्या वायरीच्या पलीकडे कुठेही असू शकतो.

हात घालण्याआधी गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक मोकळं फिरलं पाहिजे. एमसीबी (बॅटरीच्या लाईनवरचा ब्रेकर) पाडा. पाडली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून कंट्रोलरच्या जाड लाल-काळ्या केबलवर मीटर धरून व्होल्टेज उतरेपर्यंत थांबा. अंगठी, कडं काढा. मी कामाला बसताना बांगड्या काढून ठेवते. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

आता कोड. त्यासाठी एमसीबी परत चढवा. डिस्प्लेवर आकडा येत असेल तर सोपं. नुसता दिवा असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि सावकाश मोजा, डोळ्यांनी मोजताना हमखास गल्लत होते. उदाहरण म्हणून केली कंपनीचा केएलएस कंट्रोलर घ्या. त्यात लाल दिवा दोन टप्प्यांत लुकलुकतो. चार वेळा, जरा थांबून दोन वेळा, म्हणजे ४-२: हॉल सेन्सर (चाक कुठवर फिरलं ते कंट्रोलरला सांगणारा, मोटरमधला). ३-३ म्हणजे थ्रॉटलची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, २-४ म्हणजे चालू करताना थ्रॉटल पिळलेला होता. १-२ जादा व्होल्टेज, १-३ कमी व्होल्टेज, २-३ कंट्रोलर तापला, ४-३ मोटर तापली. दुसऱ्या कंपनीचा तक्ता वेगळा असतो, तेव्हा आपल्याच मॉडेलचं पत्रक शोधा.

हॉलचा कोड

सगळ्यात जास्त गाड्या याच कोडने येतात. मोटरमधून तीन जाड फेज वायरी येतात आणि हॉलच्या पाच बारीक: लाल, काळी, पिवळी, हिरवी, निळी. तापमानाची असेल तर आणखी एखादी. हॉलचा कनेक्टर जोडलेलाच ठेवा, चावी चालू करा, मीटर २० व्होल्ट डीसीवर घ्या आणि कनेक्टरच्या मागच्या बाजूने टोकं घाला. लाल-काळीमध्ये साधारण ५ व्होल्ट हवेत. मग काळा प्रोब काळीवरच ठेवून लाल प्रोब पिवळीवर धरा आणि चाक हाताने अगदी हळू फिरवा. आकडा शून्याजवळून ५ जवळ, परत शून्याजवळ असा उडी मारत राहिला पाहिजे. हिरवी, निळीचंही तसंच. एखादी एकाच आकड्यावर अडकली, तर तो सेन्सर गेला किंवा ती वायर तुटली. हॉल सेन्सर १२० अंशांवर असलेल्या नेहमीच्या मोटरीत तिन्ही एकदम शून्य किंवा तिन्ही एकदम ५ कधीच दिसत नाहीत. दिसले, तर आधी लाल-काळी पुन्हा तपासा.

सेन्सर गेला असं ठरवण्याआधी एक्सलपाशी जा. केबल पोकळ एक्सलमधून बाहेर येते, तिथल्या कडेवर ती कापली जाते. नट सैल असेल तर जोर पडला की एक्सल खाचेत किंचित फिरतो आणि केबल पिळतो. रीजन (वेग कमी होताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) चालू असेल तर झटका दोन्ही दिशांनी बसतो. टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी) नसलेली गाडी मी दुरुस्त करून देत नाही, कारण ती त्याच दुखण्याने परत येते. केबल बाहेर आल्यावर तिला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून टपकेल, एक्सलमध्ये शिरणार नाही.

सेन्सरच गेला असेल, तर तो काही रुपयांचा, ४१एफ छापाचा असतो. खरी मेहनत हब उघडण्यात. चुंबकाची ओढ एवढी असते की बोट सापडलं तर चेंगरतंच, म्हणून पुलर लावल्याशिवाय उघडू नका. एकदा उघडलंच आहे तर तिन्ही बदला, छापील बाजू जशी होती तशीच ठेवून.

थ्रॉटलचा कोड, पण थ्रॉटल चांगला

बऱ्याच कंट्रोलरमध्ये थ्रॉटल आणि हॉल यांना एकच ५ व्होल्टची लाईन जाते. एक्सलपाशी हॉलची लाल वायर काळीला चिकटली, तर ती लाईनच बसते आणि कोड थ्रॉटलचा येऊ शकतो. थ्रॉटलच्या लाल-काळीवर ५ व्होल्ट नसतील, तर चावी बंद करून हॉलचा कनेक्टर काढा आणि परत मोजा. व्होल्टेज परत आलं, तर थ्रॉटलला हात लावायची गरज नाही, शॉर्ट मागच्या चाकाकडे आहे.

लाईन ठीक असेल, तर सिग्नलची वायर बघा. न पिळता ०.८ ते ०.९ व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर ३.६ ते ४.२ च्या आसपास. मूठ सोडल्यावर आकडा खाली येत नसेल, तर ग्रिप घासतेय किंवा आत माती गेलीय.

व्होल्टेजचे कोड

डिस्प्लेच मेला, कोडही नाही, तर आधी बीएमएसवर (बॅटरी जपण्यासाठी वीज तोडणारं तिचं सर्किट) संशय घ्या. डिस्प्ले चालू आहे आणि कमी व्होल्टेजचा कोड आहे, तर कंट्रोलरने स्वतः हात वर केलेत. बॅटरी उभ्या गाडीवर मोजून काही कळत नाही. चढावर, माणूस बसवून, कंट्रोलरच्या टोकाशी मोजा. बॅटरीच्या टोकाशी ६० आणि कंट्रोलरशी ५५ दिसले, तर मधला एखादा लग (केबलच्या टोकाची कडी) किंवा एमसीबीचा स्क्रू सैल आहे. लांब पल्ला मारून आल्यावर, एमसीबी पाडून, हात लावून बघा. तो सांधा गरम लागेल. सेटिंगही बघा. शिसे-आम्लाच्या ६० व्होल्ट बॅटरीसाठी कट (ज्या व्होल्टेजला कंट्रोलर थांबतो) ५२.५ ला असतो. १६ सेलच्या लिथियम एनएमसीला तोच ठेवला, तर बॅटरीत दम असूनही गाडी थांबते.

जादा व्होल्टेजचा कोड उतारावर येतो. पन्हाळ्यावर राहणारा माणूस रात्रभर चार्ज करून सकाळी खाली निघाला, तर रीजनचा करंट भरलेल्या बॅटरीत जाणार कुठे? रीजन कमी करा, किंवा चार्ज थोडा कमी ठेवा.

चाक जड फिरतंय

गाडी बंद असताना चाक हाताने फिरवल्यावर ते टप्प्याटप्प्याने अडतं? एमसीबी पाडून, कपॅसिटर उतरल्यावर, तिन्ही फेज वायरी सोडवा, एकमेकींना लागू देऊ नका. चाक मोकळं झालं, तर कंट्रोलरमधला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट. तरीही अडत असेल, तर मोटरचं वायंडिंग किंवा फेज केबल जळाली. ते काम आमच्यासारख्या दुकानाचं.

तापमानाचा कोड

थंड मोटरवर सकाळी सकाळी ४-३ आला, तर मोटर तापलेली नाही. सेन्सर एनटीसी १०के आणि सेटिंग केटीवाय (तापमान सेन्सरचे हे दोन प्रकार), असं कंट्रोलर बदलल्यावर बऱ्याचदा होतं. सेन्सरच्या वायरी सोडवून ओहम मोजा: १०के एनटीसी २५ अंशांना १०,००० च्या आसपास दाखवतो आणि तापला की आकडा उतरतो, केटीवाय हजारच्या घरात किंवा त्याखाली असतो आणि तापला की चढतो. सेटिंगमध्ये त्याप्रमाणे प्रकार निवडा. आकडाच येत नसेल, तर वायर तुटली किंवा सेन्सर गेला. अशा वेळी मोटरचं तापमान संरक्षण कायमचं बंद करून घाट चढू नका, वायंडिंगचा खर्च त्या एका सेन्सरच्या कितीतरी पट येतो.