एरंट (errant) हा इंग्रजी शब्द म्हणजे काय आणि तो कुठे वापरायचा

मुंबईचा इंग्रजी पेपर वाचताना 'एरंट ऑटो ड्रायव्हर्स', 'एरंट बिल्डर्स' हे दिसतंच, तिथे अर्थ सरळ आहे, नियम मोडणारे, कसूर करणारे. मराठी पेपरवाले मुजोर रिक्षाचालक लिहितात, पण मुजोर जरा जास्त तिखट झालं, एरंटमधे उद्धटपणा असेलच असं नाही, वाट सोडली एवढंच.

मुळात शब्द फ्रेंचमधून आला आणि मागे लॅटिनची दोन क्रियापदं आहेत, एक प्रवास करणे आणि दुसरं भरकटणे, म्हणून जुना 'नाइट (knight) एरंट' म्हणजे पराक्रम गाजवायला गावोगाव फिरणारा सरदार, त्यात दोष काही नाही. एरर पण त्या भरकटण्याच्याच घरातला.

आता वापर. शक्यतो नामाच्या आधी लावा, 'ॲन एरंट थ्रो' म्हणजे फिल्डरने फेकला आणि स्टंप सोडून भलतीकडेच गेला तो बॉल, 'एरंट हसबंड' म्हणजे बाहेर लफडं करणारा नवरा. 'माय हसबंड इज एरंट' असं सहसा कुणी म्हणत नाही, कानाला खटकतं. निर्जीव वस्तूलाही चालतो, कपाळावर आलेली चुकार बट पण एरंटच, आणि मला विचाराल तर चुकार हाच त्याला सगळ्यात जवळचा मराठी शब्द.

अ‍ॅरंट वेगळा बरं का, तो निघाला ह्याच्यातूनच पण 'अ‍ॅरंट नॉन्सेन्स' म्हणजे निव्वळ मूर्खपणा. आणि शेवटी ट ऐवजी ड लावलात तर एरंड होईल, म्हणजे बाहेरचं किरकोळ काम, आपल्याकडचं एरंडाचं गुऱ्हाळ नव्हे :)