गुडघा बदलायचाय? आधी हिमोग्लोबिन सांगा

नागपुरात धंतोलीतल्या ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं सिस्टर होते. आता महालात घरीच असते. गल्लीतलं कोणी गुडघा बदलायला निघालं की मी विचारते, "हिमोग्लोबिन किती?" ऑपरेशनात रक्त जातं, म्हणून हे आधी बघायचं. त्यावर "तारीख मिळाली" हे उत्तर नको, बाप्पा!

बाईचं १२ च्या खाली किंवा पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर आधी कारण शोधायला लावा. लोहाच्या गोळ्या लागल्या तर निदान महिनाभर आधी सुरू व्हायला हव्यात. त्या चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. आपल्या गावात संत्र्यांना काय तोटा? त्यांच्यासोबत घ्या. दिवस कमी असतील तर शिरेतून लोह देता येतं, विचारून बघा.

मग औषधांची पिशवी अख्खी डॉक्टरांपुढे ओता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, काढे, सगळं. माझ्या सासूबाई दुखण्याच्या गोळ्या चिवड्याच्या डब्यात लपवायच्या, तेही सांगा! पण मनाने काहीच बंद करू नका. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळी, बसवलेली असेल तर मुळीच नाही.

ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, म्हणजे रक्त कमी जावं म्हणून देतात ते औषध, देणार का, हे सर्जनला जरूर विचारा. जखमेत धरलेली रक्ताची गुठळी ते लवकर विरघळू देत नाही, म्हणून रक्त कमी जातं आणि रक्ताची बाटली चढवायची वेळ कमी येते. इंजेक्शन स्वस्त आहे. पूर्वी पायात गुठळी झाली असेल, फिट येत असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर तेव्हाच सांगून टाका.