सॅम्पल नेलं, पण पैसे घेतले का? दुकानदारांनो, या चुका टाळा

राखीपासून दिवाळीपर्यंत इंदूरमध्ये सॅम्पलचा सीझन असतो. मावा, तूप, नमकीन, मसाले, सगळ्यांचा. सियागंजचा होलसेलवाला असो की सुदामा नगरात घरून श्रीखंड-चकली विकणाऱ्या वहिनी असोत, फूडवाले, म्हणजे अन्न सुरक्षा विभागाचे अधिकारी, तपासणीसाठी सॅम्पल न्यायला कोणाकडेही येऊ शकतात, आणि ते आले की आपली माणसं घाबरून पहिलं काय म्हणतात, तर "साहेब, पैसे कशाला, न्या ना असंच."

असं अजिबात म्हणू नका. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६, त्याच्या कलम ३८ च्या पोटकलम ३ मध्ये साफ लिहिलंय की सॅम्पल घेतलं तर तो माल गिऱ्हाइकाला नेहमी ज्या भावाने विकला जातो त्या भावाने त्याची किंमत ज्याच्याकडून घेतला त्याला द्यायची. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नाही, आणि पैसे मागितले तर साहेब चिडतील ही भीती डोक्यातून काढूनच टाका. अर्धा लिटर दूध गेलं तर जाणवत नाही, पण केसर, काजूकतली, साजूक तूप अशा तीन-चार वस्तू एकदम उचलल्या की छोट्या गृहउद्योगाची त्या दिवसाची कमाई गेलीच समजा.

मी बऱ्याच छोट्या दुकानांचे हिशोब बघतो, आणि माझ्या मते पैशापेक्षाही जास्त कामाचं आहे ते बिल. पक्कं बिल फाडा, अधिकाऱ्याच्या पदनामाने, त्यावर वस्तू, बॅच नंबर, वजन, भाव, तारीख सगळं असू द्या, कारण उद्या रिपोर्ट खराब आला तर नेमका कोणता माल, कोणाकडून आलेला, हे दाखवायला तुमच्या हातात तेच राहतं. आणि फुकट दिलं असं वहीत लिहून माल काढलात तर जीएसटीचा प्रश्न वेगळाच उभा राहतो, फ्री सॅम्पलवर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, ते तुमच्या सीएला आधीच विचारून ठेवा.

भाव लावतानाही गडबड होते. कोणी संकोचाने खरेदीचा भाव लावतं, कोणी सरकारी पैसा म्हणून वाढवून लावतं, दोन्ही चूक. एमआरपीपेक्षा दहा रुपये कमीने रोज विकत असाल तर तोच भाव लावा.

आता कागदांचं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सॅम्पल घेतल्याची फॉर्म ५ ए ची नोटीस मिळते, ती वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. सॅम्पलचे चार भाग होतात आणि ते तुमच्यासमोर सील व्हायला हवेत. नीट उभं राहून बघा: बाटलीला घट्ट झाकण, वरून जाड कागद, कडा दुमडून चिकटवलेल्या, मग अभिहित अधिकाऱ्याच्या (डेझिग्नेटेड ऑफिसर, सॅम्पल नेणाऱ्यांचा वरचा साहेब) सहीची, कोड नंबरची स्लिप खालपासून वरपर्यंत फिरवलेली, आणि तुमची सही अशी की अर्धी स्लिपवर, अर्धी कागदावर. मग सुतळी, आणि लाखेची किमान चार सीलं, एक वर, एक खाली, दोन अंगावर. यात घाई होत असेल तर शांतपणे म्हणा, "साहेब, माझ्यासमोर होऊ द्या." नोकराला पुढे करून मालक गल्ल्यावर बसून राहतो ना, ते बंद करा, आणि नोटिशीत नावही लायसन्सवरचंच लिहिलं जातंय ना ते बघा.

चौथा भाग बहुतेकांना माहीतच नसतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे (सॅम्पल तपासून रिपोर्ट देणारा सरकारी तज्ज्ञ) जातो, दोन अभिहित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा तुम्ही मागणी केलीत तर मान्यताप्राप्त लॅबला जातो. त्याचा खर्च तुमचा, तो परत मिळत नाही, तरी मालावर भरवसा असेल तर मागणी लेखी करा आणि तिथेच करा, कारण दोन रिपोर्ट वेगळे आले तर प्रकरण रेफरल लॅबकडे, म्हणजे अशा वादासाठी ठरवलेल्या वरच्या लॅबकडे जातं आणि तिचाच निकाल शेवटचा. विश्लेषकाचा रिपोर्ट पटला नाही तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. कागद काउंटरखाली पडून राहतो आणि मुदत निघून जाते, असं होऊ देऊ नका.

सॅम्पल आणि जप्ती यात गोंधळ करू नका. कलम ३८(३) ची किंमत सॅम्पलची आहे, जप्त झालेल्या स्टॉकची नाही. आणि रिपोर्ट येईपर्यंत गिऱ्हाईक तुटलं, माल पडून राहिला, त्याची भरपाई या कलमात नाही हेही समजून घ्या. मुद्दाम त्रास द्यायला जप्ती केली असेल तर कलम ३९ मध्ये अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे, पण खोटी तक्रार केली तर तुम्हालाही ५० हजार ते एक लाख, म्हणून रागाच्या भरात काही लिहू नका.

पैसे जागेवर मिळाले नाहीत तर? बिलाची कॉपी लावून अभिहित अधिकाऱ्याला साधा अर्ज द्या, आवकचा शिक्का घ्या. काही झालं नाही तर सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार, नाहीतर आरटीआय. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, सगळेच सोडतात म्हणून तर पुढच्या दुकानातही कोणी किंमत विचारत नाही.

मेडिकलवाल्यांसाठी कायदा वेगळा, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०. कलम २३ प्रमाणे इन्स्पेक्टरने वाजवी किंमत देऊ करायची, तुम्ही नाकारली तर त्याने पावती द्यायची. बियाण्यांच्या दुकानात मात्र तोंड उघडावंच लागतं. बियाणे कायदा १९६६ च्या कलम १४ मध्ये किंमत मागितल्यावर द्यायची असं आहे, म्हणून खरिपाआधी सोयाबीनचं सॅम्पल उचललं की तिथल्या तिथे, लेखी मागा.